डब्यात काय आहे

छत्तीसगडची राजधानी झाल्यावर रायपुरात कचेऱ्या वाढल्या, आणि त्यांतल्या एकीत हिशेब तपासायला माझी नागपूरहून बदली झाली. शंकर नगरात भाड्याचं घर मिळालं. गल्लीत विदर्भातली पाच मराठी कुटुंबं होती, सहावे आम्ही. त्यांच्या मुलींना मराठी समजायची, पण उत्तर हिंदीत यायचं. भुलाबाई मात्र सगळ्यांकडे बसायची. मातीची मूर्ती इथे मिळत नाही म्हणून बायकोने ती नागपूरहून टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन आणली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली रोज संध्याकाळी घरोघरी जातात आणि भुलाबाईपुढे टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात. शेवटी घरची बाई झाकलेला डबा हलवून विचारते, "ओळखा, डब्यात काय आहे?" गोड की तिखट, कडक की मऊ, असं विचारत विचारत खाऊ ओळखायचा. ओळखला तर मिळतो, आणि नाही ओळखला तरी मिळतोच. तरीही सगळी गंमत त्या प्रश्नात असते.

रायपुरातल्या आमच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. मुलगी आठ वर्षांची होती, आणि त्याच उन्हाळ्यात डॉक्टरांनी तिला ऑटिझम असल्याचं सांगितलं. मी सवयीने विचारलं, "किती टक्के?"

डॉक्टर हसले. "साहेब, हे परीक्षेचे मार्क नाहीत. तुमच्या मुलीला काय सोपं जातं आणि काय जड जातं, ते बघत चला."

घरी येताना बायको रिक्षात म्हणाली, "हा शब्द घरातच ठेवायचा. एकदा का चिकटला, का शाळेत, कॉलनीत, उद्या लग्नात, सगळीकडे तो पुढे जाईन अन् माही पोट्टी त्याच्या मागून."

मला ते पटलं. आकडा चुकला तर खोडता येतो, माणसाबद्दल पसरलेला शब्द खोडायचा कसा? म्हणून आम्ही फक्त नागपूरच्या तिच्या भावाला सांगितलं. त्याने टीव्हीवर असं काहीतरी पाहिलेलं होतं.

"भाऊजी, हे पोट्टे गणितात लय तेज असतात! तिले फोन द्या. काय गं, माह्या वाढदिवसाले पुढच्या वर्षी कोणता वार येते?"

मुलीने थोडा विचार केला. "मामा, तुमच्याकडे कॅलेंडर नाही का?"

मामाची निराशा झाली. खरं सांगायचं तर थोडी माझीही झाली. माझा जन्म आकडेमोडीत गेला, तेव्हा निदान या निमित्ताने घरात एखादा वारस मिळेल असं वाटलं होतं. मी गुपचूप पाढे विचारून पाहिले. सातच्या पाढ्यात ती अगदी आईसारखी अडकते.

मग भुलाबाई आली. पहिल्या संध्याकाळी मुली आमच्या फाटकावरून गेल्या, पण हिला हाक मारली नाही. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. ही टिपऱ्या घेऊन फाटकाशी उभी. ती टिपऱ्या वाजवत नसे, नुसत्या धरायची, पण त्या हातात घेतल्याशिवाय निघायची नाही.

"फुटलं," बायको म्हणाली. "वहिनीची मावशी मागच्या गल्लीत राहते. तुमच्या साळ्याले सांगाले नव्हतं पाहिजे."

"माझा साळा म्हणजे तुझाच भाऊ."

"आता नातं मोजत बसू नका. आज बोलावलं नाही, उद्या शाळेतही कोणी जवळ बसवणार नाही."

तिचे डोळे भरले होते, म्हणून मी पुढची दुरुस्ती केली नाही.

आमच्या गल्लीत गाण्यांची आणि खाऊची रोज एकाच घराची पाळी असे. तिसऱ्या दिवशी ती आमची होती, त्यामुळे मुलींना यावंच लागलं. त्यांची म्होरकी शेजारच्या घरातली, सातवीतली. बायकोने तिला दारातच धरलं.

"काहून गं, माह्या पोट्टीले काहून नाही बोलावत? कोणी काही सांगितलं का तुले?"

"किसने क्या बताया, काकू?" ती पोरगी फणकाऱ्याने म्हणाली. "वो खाऊ फोड़ देती है! पिछले साल हर घर में यही किया. आंटी ने पूछा नहीं कि ये बोल देती थी, शंकरपाळे! सारा मजा खराब."

आतून आमच्या मुलीचा आवाज आला, "विचारलं म्हणून सांगितलं."

"पण तुले आधीच कसं माहीत असायचं?" बायकोने विचारलं.

"मी स्वयंपाकघरात जायची. टिपऱ्या कानात टोचतात."

गेल्या वर्षी शेजारणी म्हणायच्या, तुमच्या मुलीचा खाऊवर फार जीव. आम्हीही तेच मानून चाललो होतो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. एवढ्यावर विषय संपवता आला असता. हिला ताकीद दिली, मुली आत आल्या, झालं. पण मग ही पुन्हा स्वयंपाकघरात जाणार आणि पुन्हा बोलणार. मी मान हलवली. बायको म्हणाली, "हे बघ बेटा, तिले ऑटिझम आहे. आवाज तिले आपल्यापेक्षा जास्त लागते. अन् विचारलं तर ती सांगते, खेळ आहे म्हणून थांबत नाही."

म्होरकीने आमच्या मुलीला नीट निरखून पाहिलं. "ऑटिझम? वो मैथ्स वाला?"

"नाही गं. गणितात कच्ची आहे."

"मेरे जैसी!" ती एकदम खूश झाली. मग तिने कामाचं बोलायला घेतलं. "तो ऐसा करते हैं. गाना होने तक ये सीढ़ी पर बैठेगी. किचन में नहीं जाएगी. डिब्बे के टाइम बुला लेंगे. चलेगा?"

"हव," आमची मुलगी म्हणाली.

जी सोय आम्हाला गेल्या वर्षीपासून सुचली नव्हती, ती दारातल्या दारात झाली. पण आमच्या घरचा पेच राहिलाच, कारण शेव तळली तेव्हा मुलगी तिथेच उभी होती. गाणी झाली, तिला पायरीवरून आत बोलावलं, बायकोने डबा हलवला. "ओळखा, डब्यात काय आहे?" मुली ओरडू लागल्या: चकली! चिवडा! आमची मुलगी दोन्ही हातांनी तोंड दाबून, लाल होऊन उभी. शेवटी तिला राहवलं नाही. हात काढून ती ओरडली, "मला विचारू नका!" सगळ्या पोरी हसून लोळल्या, आणि त्यांच्याबरोबर तीही.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून येत होतो. समोरच्या घराच्या दारात मुलींचा घोळका उभा, सगळ्यांत पुढे आमची मुलगी. म्होरकी त्या घरच्या बाईंना बजावत होती, "आंटी, इसको किचन में मत जाने देना. ये झूठ नहीं बोलती."

बायको फाटकाशी उभी राहून ऐकत होती. "घ्या," ती म्हणाली, "नवीन शिक्का."

"तोही चुकीचाच," मी म्हणालो. "दात घासले का विचारलं की रोज सकाळी मला फसवते."

"राहू द्या," बायको म्हणाली. "पोट्टी पुढे चालून राहिली ना? मग शिक्का येऊ द्या मागून."