केलगेरीच्या तळ्यावरची बाई

आमच्या गावातल्या लॅमिंग्टन रोडवर फोटो छापून देणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे मी बारा वर्षं जातोय. लडाख असो की कच्छ, मी भटकून आलो की तिथले फोटो तोच छापतो. तो स्वतः बेळगावच्या पलीकडे गेलेला नाही. छापलेला फोटो तो दोन्ही तळहातांवर धरतो, भरलेलं ताट धरावं तसा, आणि विचारतो, "इथं थंडी किती असती हो सर?" मी सांगत बसतो. तो मान हलवत ऐकतो.

गेल्या महिन्यात इथून जवळच्याच केलगेरी तळ्याचा सकाळचा एक फोटो मी प्रदर्शनासाठी त्याच्याकडे नेला. धुकं, पाणी, सगळं जमलं होतं. फक्त काठावर एक बाई कपडे धूत होती.

"हिला काढून टाका," मी म्हणालो. "सगळा फोटो घाण करतीय."

तो कॉम्प्युटरच्या पडद्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग त्यानं तिला पुसायला घेतलं, हळूहळू, तिच्या पदरामागचं पाणी नीट जुळवत.

फोटो माझ्या हातात देताना तो म्हणाला, "सर, पहिला होता तसा एक छापून घेऊ काय मी? आमची अक्का आहे ती. तिचा असला चांगला फोटो घरात नाही."

"घ्या की," एवढंच मी म्हणालो. रिकाम्या तळ्याचा फोटो घेऊन मी बाहेर पडलो, आणि प्रदर्शनात तोच लावला.