चुन्याखालचं साल

अँजेलिना राग नाकाच्या शेंड्यावर घेऊनच जन्माला आली, असं तिचा धाकटा भाऊ मार्कस म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बोरिवलीहून लाँचने खाडी ओलांडली की जे जुनं ख्रिस्ती गाव लागतं, तिथे तिची भाजीची वाडी. एकसष्ट वर्षांची बाई, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. मुळ्याला नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाइकाला ती कुंपणाच्या बाहेर घालवून यायची. पण यंदाच्या मे महिन्यात तिला जो राग आला, तो गिऱ्हाइकावरचा नव्हता.

गावामागच्या टेकडीच्या माथ्यावर एक क्रूस आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी प्लेगच्या साथीत गाव अर्धं झालं, तेव्हा उरलेल्यांनी तो बांधला. अँजेलिनाच्या आजोबांची तीन भावंडं त्या साथीत गेली. त्यांना ना थडगं, ना पाटी. जे काही आहे ते तो क्रूस. म्हणून दर मे महिन्यात सगळं गाव तासाभराची ती चढण चढतं. बायका डोक्यावर चुन्याच्या बादल्या नेतात, चुन्यात चिमूटभर नीळ टाकून क्रूस पांढराशुभ्र करतात, प्रार्थना होते आणि मग उकडलेले चणे वाटतात. एका वर्षाचा खंड नाही.

अलीकडे मात्र त्या पायवाटेचा ट्रेल झाला होता. रविवारच्या पहिल्या लाँचने एकाच रंगाच्या टी-शर्टातली तीस-चाळीस मंडळी उतरायची आणि त्यांच्यापुढे शिट्टी फुंकत विशाल नावाचा त्यांचा म्होरक्या. ‘चढ मध्यम, व्ह्यू झकास,’ असं तो मोबाइलवर टाकायचा. व्ह्यू होताच तसा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि तिवरांचं दाट रान, पलीकडे बोरिवलीचे टॉवर आणि त्यांच्याही मागे नॅशनल पार्कचे डोंगर. डोळे भरून बघावं आणि गप घरी जावं. पण नाही, यांना क्रुसाच्या चौथऱ्यावर बूट ठेवूनच बघायचं असे. एकदा तर त्यांनी बॅनरची दोरी क्रुसाच्या हातालाच बांधली. अँजेलिनाने ती विळ्याने कापली.

“आंटी, चिल ना. पब्लिक प्लेस आहे,” विशाल म्हणाला.

“तुझ्या आजीच्या थडग्यावर उभा राहून फोटो काढ रे आधी,” ती म्हणाली, “मग मला पब्लिक प्लेस शिकव.”

पुढे कुठल्याशा कार्यालयात बसून कुणीतरी ठरवलं की माथ्यावर रेलिंग लावून व्ह्यू पॉइंट करायचा. मध्ये येणाऱ्या क्रुसाला नोटीस चिकटली. बांधकाम जुनं असल्याचा पुरावा दाखवा, नाहीतर हटवू, गुरुवारी पाहणी. आता क्रुसाचा कागद कोण ठेवतो? पण पुरावा होता. चौथऱ्याच्या दर्शनी बाजूला बांधणीचं साल घातलेलं आहे, असं गावातले जुने लोक सांगत आले होते. ते पाहिलेलं जिवंत माणूस मात्र एकही नव्हतं. गावाने दर वर्षी भक्तीने थरावर थर चढवला आणि त्या चुन्यानेच साल गिळून टाकलं होतं.

“बुधवारी सगळे मिळून जाऊ,” मार्कस म्हणाला. “पाणी मारत, ब्रशने हळूहळू उतरवू. घाई नको बाय.”

मार्कसचं हे ‘हळूहळू’ अँजेलिनाला लहानपणापासून सोसत नसे. सव्वाशे वर्षं ज्यांनी इथे डोकं टेकलं, त्यांनीच पुरावा द्यायचा, आणि काल आलेल्या शिट्टीवाल्याला कुणी काही विचारायचं नाही. तिला रात्रभर झोप लागली नाही. मंगळवारी उजाडताच वाडीतलं खुरपं उचलून ती एकटीच निघाली.

वाटेत रेलिंगचे खांब आधीच आणून टाकलेले दिसले. म्हणजे पाहणी नुसती नावाला. ते बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि गुडघे दुखत असूनही ती कुठेही न टेकता माथ्यावर पोचली.

खुरपं चालवायला तिला कुणी शिकवायला नको होतं. पहिला थर पांढरा निघाला, मग निळसर, मग पिवळट. एक घाव नोटीस काढणाऱ्या साहेबाला, एक विशालला, एक मार्कसच्या ब्रशाला. तोंडाने शिव्या चालूच होत्या. शेवटी भाकरीएवढा एक जाड पापुद्रा सुटला, खालच्या कातळावर आपटला आणि फुटला. आत दगड दिसला. काळा, सपाट, कोरा.

तिने बोटं फिरवून पाहिली. मग वाकून तुकडे उचलले. एकावर उठावाचं अर्धं वेटोळं होतं. आठाचं असेल, नाहीतर नवाचं. तेव्हा तिला कळलं. साल दगडात कोरलेलं नव्हतंच. जुन्या माणसांनी ते चुन्याच्या गिलाव्यातच उठवलं होतं. उरलेल्याचा भुगा झाला होता. ती तिथेच फतकल मारून बसली. समोर सगळा समुद्र होता, आणि तिला स्वतःच्या हातांची इतकी चीड आली की ते कुठे ठेवावेत हे सुचेना.

बुधवारी ब्रश घेऊन गेलेल्यांना उतरवायला काही उरलंच नव्हतं. गुरुवारी पाहणीचे साहेब धापा टाकत वर आले. आधी समुद्राचे दोन फोटो काढले, मग चौथऱ्याकडे वळले.

“हा दगड तर ताजा दिसतोय,” ते म्हणाले. “जुना म्हणता ना?”

गावाने अँजेलिनाकडे पाहिलं. आता ही साहेबांची सालटी काढणार, याच आशेवर सगळे उभे होते. मार्कस सावरायला पुढे झाला, “वाऱ्यापावसाने होतं साहेब…”

“मी केलं,” अँजेलिना म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. “परवा. माझ्या हाताने.”

साहेबांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं: बांधकाम अलीकडचे, काम आपणच केल्याचे स्थानिक महिलेने कबूल केले.