लाव्हारसाशी घासाघीस

ऐंशीच्या दशकात आम्ही जर्सी सिटीहून हवाईला गेलो. गाडी चालवत बेटावरची नॅशनल पार्कं बघायची होती. बायकोचा जीव मात्र वाहत्या लाव्हारसात अडकला होता.

विमानतळावर भाड्याच्या गाडीचा छापील दर पाहून माझं डोकं तापलं. तासभर भांडून मी तो उतरवलाच.

पार्कात पोचलो तर लाव्हारस रस्त्याजवळ आला म्हणून रेंजरने अर्ध्या तासापूर्वी रस्ता बंद केलेला. मी लगेच सुरू झालो, “पाच मिनिटं तरी सोडा.”

“अहो, त्या लाव्हारसालाच विचारा, काही कमी करतोय का,” बायको म्हणाली.

माझा राग अजून त्या गाडीवाल्यावर आहे. सवलत द्यायचीच होती, तर आल्याआल्या का नाही दिली? अर्थात, दिली असती तर मी आणखी मागितली असती.