ईस्टरच्या शनिवारचे टायर

गिसबर्ट थेलेनला गावात कुणी नुसतं गिसबर्ट म्हणत नसे. मे महिन्यावरून मे-वाला गिसबर्ट म्हणत. जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरावर त्याचं टायरचं दुकान होतं, दोन गाड्या मावतील एवढंच. छत्तीस वर्षांत त्याने एक मेच्या आधी कुणाच्या गाडीला उन्हाळी टायर चढवले नव्हते. साऱ्या जर्मनीची रीत अशी की ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर आणि ईस्टर आला की उन्हाळी. गिसबर्ट म्हणे, ईस्टर चंद्र बघून येतो, पण गारठा चंद्राला विचारून जात नाही. एका मार्चअखेरीला गावचे पाद्री उन्हाळी चाकं घेऊन आले तेव्हा त्यांनाही त्याने दारातूनच परत पाठवलं. "येशू उठला म्हणून रस्ता गरम होत नाही, फादर," असं तोंडावर सांगितलं.

लोक हसायचे, चाकं पुन्हा डिकीत टाकायचे आणि खाली शहरातल्या मोठ्या दुकानात जायचे. गिऱ्हाईक गेलं तरी गिसबर्टला फिकीर नसे. नाकासमोर चालणारा माणूस होता, आणि अशा माणसांचं तोंड बहुधा फटकळ असतं, तसं त्याचंही होतं. बायको वारली तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरलासुद्धा त्याने चार गोष्टी सुनावल्या होत्या.

जावई दशमग्रह असतो हे आयफेलच्या लोकांना कुणी शिकवलेलं नाही, तरी त्यांना ते ठाऊक आहे. गिसबर्टचा जावई फोल्कर बसाल्टच्या खाणीत मुकादम होता. अंगापिंडाने दांडगा, बोलायला कमी, बायको-मुलीवर जीव असलेला. त्याला एकच वेड होतं, गाडीचं. साडेचारशे अश्वशक्तीची गाडी, आणि ती सगळी ताकद फक्त मागच्या दोन चाकांवर. ती आणायला तो बायकोला, यूडिथला, आणि लहानग्या लेकीला, फ्रीडाला घेऊन थेट कारखान्याच्या फाटकावर गेला होता. गाडीबरोबर जे टायर आले त्यांच्या बाजूवर कारखान्याची बारीक खूण होती. तसाच टायर त्या खुणेशिवाय मिळाला तर फोल्कर त्याला नकली म्हणायचा. "कारखान्याने दिलंय ते विचार करूनच दिलंय," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

आणि खोटं कशाला बोला, जुलै महिन्यात त्याचंच खरं होतं. उन्हाने तापलेल्या डांबरावर ते मऊ, रुंद रबर असं धरून राहायचं की वळणावर पोटातलं पाणी हलू नये. पण तेच रबर सात अंशांच्या खाली गेलं की कडक होतं. गाडी पुढच्या चाकांनी ओढली जात असेल तर निदान नाकाच्या दिशेने घसरते. मागून रेटली जाणारी गाडी मात्र शेपटाकडून सुटते, आणि शेपूट एकदा पुढे निघालं की मग चालवणाऱ्याच्या हातात नुसतं स्टिअरिंगचं चाक उरतं. हे गिसबर्ट येईल त्याला सांगायचा. ऐकून ऐकून गावातल्या शेंबड्या पोरांनाही ते पाठ झालं होतं.

सासरा-जावयाचं बिनसलं ते गावच्या जत्रेत. फोल्करने अग्निशमन दलाच्या तंबूसमोर मागची चाकं जागच्या जागी फिरवून धुराचा लोट काढला. गिसबर्ट हातात बिअरचा ग्लास घेऊन उभा होता. त्याला राहवलं नाही.

"साडेचारशे घोडे," तो ओरडला, "आणि हाकायला एकच गाढव!"

तंबू खदखदून हसला. फोल्करने गाडी बंद केली, यूडिथचा हात धरला आणि निघून गेला. त्यानंतर दोन वर्षं त्याने सासऱ्याच्या दुकानाची पायरी चढली नाही, घराची तर नाहीच. नाताळला यूडिथ लेकीला घेऊन एकटीच यायची, तासाभरात उठायची. गिसबर्टने माफी मागितली नाही. खरं बोलल्याची माफी कसली, असं तो म्हणे. रात्री एकट्याने जेवताना मात्र त्याला घास गोड लागत नसे.

त्या वर्षी ईस्टर मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच आला. शनिवारी सकाळी लख्ख ऊन होतं. गिसबर्ट दुकान झाडत होता, तेवढ्यात दाराशी ती गाडी येऊन थांबली. डिकीत दोन चाकं, मागच्या सीटवर दोन.

"आहेस?" फोल्करने विचारलं.

"आहे."

"शहरातले लोक धड काम करत नाहीत. मागच्या वेळी रिमला ओरखडा काढला." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "यूडिथ म्हणाली, तुझ्याकडेच जा. आणि उद्या जेवायला ये म्हणाली. कोकराचं मटण आहे." मग जरा थांबून म्हणाला, "मी पण म्हणतोय."

गिसबर्टच्या जिभेवर छत्तीस वर्षांचं वाक्य तयार होतं. मे महिन्यात ये. एवढंच म्हणायचं होतं. पण हे म्हटलं की हा मान हलवणार, गाडीत बसणार आणि जाणार. मग पुन्हा दोन वर्षं, कदाचित कायमचंच. आणि सात अंशांचं पुराण सांगितलं तर त्याला पुन्हा ते गाढवच ऐकू येणार. गिसबर्टने ते वाक्य गिळलं.

"लिफ्टवर घे," तो म्हणाला.

काम त्याने जीव ओतून केलं. चाकाचा मध्य साफ केला, बोल्ट मोजून आवळले, हवा दोनदा तपासली. फोल्कर शेजारी उभा राहून पाने हातात देत होता. काम झाल्यावर त्याने किल्ली सासऱ्यापुढे धरली. "तूच चालव."

चौदा अंश होते, रस्ता कोरडा. गिसबर्टने टेकडीची दोन वळणं घेतली आणि गाडी रुळावरून धावावी तशी धावली. टायर चुकूनसुद्धा कुरकुरले नाहीत.

"मानलं," तो म्हणाला.

"बघ!" फोल्कर हसला. सासऱ्यासमोर तो असा हसल्याला दोन वर्षं झाली होती. परतताना दोघं खाणीबद्दल, फ्रीडाच्या शाळेबद्दल बोलले. टायरबद्दल एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी जेवण झालं, गिसबर्टने दोनदा मटण वाढून घेतलं आणि नातीला मांडीवर घेऊन अंडी रंगवली.

सोमवारी रात्री आभाळ निवळलं. मंगळवारी पहाटे उणे तीन. फोल्करची सकाळची पाळी होती. गिरणीपाशी बीच जातीच्या झाडांखाली रस्ता वळतो, तिथे ओढ्याचा ओलावा असतो. सहा वाजून वीस मिनिटांनी गाडीचं शेपूट तिथे सुटलं आणि ती दाराच्या बाजूने झाडावर गेली. दार फोल्करच्या बाजूचं होतं. खाणीत त्याला पोहोचायला दहा मिनिटं उरली होती.

वेग बेताचा होता असं पोलिसांच्या तज्ज्ञाने लिहिलं. टायर कारखान्याचेच, नक्षीची खोली सहा मिलिमीटर, हवा बरोबर, हरकत नाही. अहवाल देताना तो बिचारा चांगल्या मनाने म्हणाला, "चाकं तुम्ही बसवली होती ना, थेलेनसाहेब? काम अगदी चोख होतं." गिसबर्टने त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

गावाने आपला निवाडा फोल्करच्या दफनाच्या दिवशीच करून टाकला. मे-वाल्या गिसबर्टने सांगितलं असणारच. तो पाद्र्याला सोडत नाही, जावयाला सोडेल? सांगितलं असेल, पण जावई हट्टाला पेटला असेल, आणि जावयापुढे म्हाताऱ्याचं काय चालणार? कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "तरुण रक्त, ऐकत नाहीत रे." गिसबर्टने नाही म्हटलं नाही. कुणी सरळ विचारलं असतं तर तो खोटं बोलला नसता, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण कुणी विचारलंच नाही.

मे उजाडताच दुकानासमोर गाड्यांची रांग लागली. जे पंधरा वर्षं शहरात जात होते तेही आले. "तुझंच खरं होतं, गिसबर्ट." "तुझं ऐकलं असतं तर..." त्याने प्रत्येकाचे टायर बदलले, प्रत्येकाचं बोलणं ऐकून घेतलं. मला त्याचा राग येतो तो इथे. मेलेल्या माणसाच्या नावावर त्याला मान मिळत होता आणि गिसबर्ट खाली मान घालून तो घेत होता.

सहा आठवड्यांनी मृताच्या नावाने प्रार्थना असते. घरची माणसं पहिल्या बाकावर बसतात, आणि बाक रिकामा राहिला तर गाव वर्षभर बोलतं. आदल्या संध्याकाळी फादरनी गिसबर्टला बोलावून घेतलं. यूडिथने निरोप पाठवला होता की ती येणार नाही. "तुम्ही समजवा," फादर म्हणाले. "तुमचं ऐकेल."

यूडिथ स्वयंपाकघरात होती. जमिनीवर कचऱ्याची मोठी पिशवी उघडी पडली होती आणि तीत ती फोल्करचे खाणीचे कपडे कोंबत होती. त्याचे जाड बूट आधीच आत गेले होते.

"फादरनी पाठवलं ना तुला?" ती वर न बघताच म्हणाली. "मी नाही येणार, पापा. कुणासाठी गुडघे टेकू? चार दिवस चाकं मिरवायची हौस होती त्याला, म्हणून गेला. तू सांगितलंस, तू गळा फाडून सांगितलं असशील, मला माहीत आहेस ना तू! आणि त्याने हसून सोडून दिलं असेल. पोरीचा विचार नाही, माझा नाही. फ्रीडाला मी सांगितलंय, बाबा आजोबांचं ऐकत नव्हता."

"तिला असं सांगितलंस?"

"मग काय सांगू? खरं तेच सांगितलं."

गिसबर्ट खुर्चीवर बसला. टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली.

"मी नाही सांगितलं," तो म्हणाला.

"काय?"

"त्याला. शनिवारी. मी काहीच बोललो नाही. गारठ्याचं नाही, मेचं नाही. लिफ्टवर घे म्हणालो आणि चढवले."

यूडिथच्या हातात कोट होता, तो तसाच राहिला. "तू सगळ्यांना सांगतोस," ती म्हणाली. "तू पोस्टमनला सांगतोस, पापा. सायकलवाल्याला सांगतोस!"

"हो."

"मग त्यालाच का नाही?"

"तो आला होता गं. दोन वर्षांनी आला होता. जेवायला बोलावत होता. मला वाटलं, तोंड उघडलं की जाईल. त्याने काही उडवून लावलं नाही, यूडिथ. हट्ट नाही केला. मी म्हटलं असतं तर तो उलट्या पावली गेला असता, चिडून गेला असता, पण हिवाळी टायरवर गेला असता. उलट मी म्हणालो, मानलं. मी चालवून बघितली आणि मानलं म्हणालो."

ती खाली बसली, पिशवीत हात घातला आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागली. कोट, मोजे, पट्टा. बूट बाहेर काढल्यावर ते छातीशी धरून ती अशी रडली की दफनाच्या दिवशीसुद्धा तशी रडली नव्हती. गिसबर्टने उठून तिच्या खांद्याकडे हात नेला.

"नको," ती म्हणाली. तो थांबला. "उद्या मी फ्रीडाला घेऊन जाईन. तिला सांगेन की बाबाचं काही चुकलं नव्हतं. तू येऊ नकोस."

"फक्त उद्या नको म्हणतेस, की..."

"येऊ नकोस, पापा."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर दोघीच बसल्या. प्रार्थना सुरू झाली तेव्हा लोकांनी मागे वळून वळून दाराकडे बघितलं. गिसबर्ट आला नाही. बाहेर पडल्यावर गावाने ठरवून टाकलं की म्हाताऱ्याने जावयाला अजून माफ केलेलं नाही, आणि त्यातही बऱ्याच जणांना त्याचंच बरोबर वाटलं. यूडिथ ते ऐकत त्यांच्यामधून चालत गेली आणि तिने कुणालाही काही सांगितलं नाही.