नारळाचं पाणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही — कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

मी जळगावच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. शिवाय एका स्थानिक वर्तमानपत्रात दर आठवड्याला सदर लिहायचो. उद्घाटनं, फिती, हारतुरे, बोअरवेलसमोर नारळ फोडणारे नगरसेवक — यांच्यावर. लोक हसायचे. त्या हसण्याची मला सवय लागली होती.

प्रकाश माझा जुना विद्यार्थी, मूळचा सोनगीरचा. नव्वदच्या पुढे कधीतरी त्यानं धुळ्यात डीटीपीचं छोटं दुकान टाकलं — लग्नपत्रिका, हँडबिलं, शोकपत्रिका. त्याचा थ्री-एटी-सिक्स कॉम्प्युटर इतका हळू चालायचा, की पानावर गणपती उमटेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन यायचं. लग्नसराईच्या आत तो सुधारायचं ठरलं. पैसे अक्कांनी दिले, म्हणजे प्रकाशच्या आईनं. स्वतःच्या लग्नात आलेले पितळेचे हंडे, घंगाळ, पराती त्यांनी सोनगीरच्या तांबटाला वजनावर घातल्या. त्या पैशात काय काय बसतं, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

आणि ते मी चांगलं केलं — हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. नवा कॉम्प्युटर परवडणारा नव्हता. म्हणून कॅबिनेट जुनं, पॉवर सप्लाय जुना, हार्ड डिस्क जुनी. नवा फक्त मदरबोर्ड आणि प्रोसेसर. जुन्या रॅमच्या पट्ट्याही चालतील असा फोर-एटी-सिक्सचा बोर्ड मी जळगावातली दुकानं पालथी घालून शोधला. प्रकाशचा जुना बोर्ड दुकानदाराला बदल्यात दिला, तेवढेच पैसे कमी. दुकानदाराचा माणूस धुळ्याला येऊन जोडून देणार होता; त्याची मजुरीही मी वाचवली. चार स्क्रू आणि दोन वायरी, त्यात काय? बोर्ड मांडीवर घेऊन एस.टी.नं निघालो. एरंडोलला सगळी बस चहाला उतरली, मी जागचा हललो नाही.

दुकानात अक्का, प्रकाश, त्याची बायको आणि शेजारचे दुकानदार जमले होते. अक्कांनी हळदकुंकू, अक्षता, नारळ असं सगळं मांडून ठेवलं होतं. मी एका हातानं स्क्रू आवळत बोलायला लागलो — यंत्राला देव कळत नाही, करंट कळतो, वगैरे. सदरात लिहायचो तसंच. सगळे हसले. अक्काही हसल्या, तोंडाला पदर लावून. काम झालं तरी कॅबिनेटचं झाकण मी लावलं नाही. का? आत काय बसवलंय ते सगळ्यांना दिसावं म्हणून. फिती कापणाऱ्यांवर लिहिणारा माणूस — त्यालाही आपली एक फीत हवी होती.

वायरी मी बोलता बोलताच जोडल्या. त्या काळी बोर्डाला वीज देणारे दोन जोड असायचे. दिसायला सारखे, एकमेकांच्या जागी सहज बसणारे. नियम एकच — दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध, शेजारी शेजारी यायला हव्यात. हे मला माहीत होतं. बसमध्ये ते मी मनात घोकलंही होतं.

अक्कांनी नारळ फोडला. पाण्याचे थेंब बोटांनी शिंपडले. मी बटण दाबलं.

फट्‌कन आवाज झाला, धूर आला, आणि तो जळका वास. मी आत पाहिलं. काळ्या वायरी दोन टोकांना होत्या. आणि थेंब? थेंब मॉनिटरच्या काचेवर होते. फक्त तिथेच. सावकाश ओघळत होते.

तुम्ही असता तर काय म्हणाला असतात? — नको, हे विचारणंही पळवाटच आहे. मी म्हणालो, "अक्का, नारळाचं पाणी."

एवढंच. खोटंसुद्धा पूर्ण बोललो नाही. बाकीचं वाक्य ज्यानं त्यानं पूर्ण केलं. प्रकाश सगळ्यांसमोर आईवर ओरडला. तेवढ्यात, कोणी आत बघायच्या आधी, मी दोन्ही जोड उपसून काढले. अक्का आपल्या ओल्या बोटांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "सरस्नी आधीच सांगं व्हतं." सरांनी आधीच सांगितलं होतं! मी फक्त थट्टा केली होती. त्या थट्टेला त्यांनी इशारा ठरवलं, आणि तेही माझ्या बाजूनं.

जळालेला बोर्ड मी जळगावला आणला. दुकानदाराकडे गेलोच नाही — त्यानं नीट पाहिलं असतं तर? पाण्याला गॅरंटी नसते, असं प्रकाशला कळवलं. पगारातून नवा घेऊन देता आला असता. पण मग का, ते सांगावं लागलं असतं. लग्नसराई तशीच गेली. दुकान बंद झालं. प्रकाश एका छापखान्यात ऑपरेटर म्हणून लागला. आमच्या वर्तमानपत्राची धुळ्याची पानं तिथेच लागायची.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. एका आठवड्यात विषय सुचेना, तेव्हा मी त्यावर सदर लिहिलं. हो. नाव न घेता — नारळाच्या पाण्यानं कॉम्प्युटर जाळणाऱ्या भाबड्या माणसांवर. लोक पोट धरून हसले म्हणे. ते प्रकाशनं टाइप केलं होतं. माझ्या शुद्धलेखनाच्या चुकाही त्यानं दुरुस्त केल्या होत्या.

त्या दिवसानंतर अक्कांनी कुठल्याही शुभकार्याला हात लावला नाही. नातवाच्या बारशाला त्या दाराशी बसून होत्या. मी पाहिलंय ना — मी होतो तिथे. आज सांगावं, असं वाटलं. जेवून परत आलो.

पुढे प्रकाशनं धुळ्यातच दोन खोल्या बांधल्या. वास्तूला मला आग्रहानं बोलावलं. नारळ फोडायची वेळ आली तेव्हा त्यानं तो आईपुढे धरला, इतक्या वर्षांनी. त्याच्या परीनं माफी मागत असावा. अक्कांनी हात मागे घेतले.

"मना हातमा दोष शे," त्या म्हणाल्या. "सरस्ना हातमा दे."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी नारळ घेतला. एका फटक्यात सरळ दोन भकलं झाली. सरांचा हात चांगला आहे, असं कोणीतरी म्हणालं. पाणी मी पेल्यात धरलं. एक थेंब सांडू दिला नाही.