नेमगोंडानं अरुंद टायर का घातले

नेमगोंडाच्या पोराचा, महावीरचा, फोन आला तेव्हा मी गोठ्यात वैरण टाकत होतो. "काका, अण्णा गेलं," एवढंच बोलला आणि फोन ठेवला. मी हातातली वैरण म्हशीपुढं नीट पसरली, मगच बाहेर आलो. माणूस जायचा आहे हे घरच्यांना आणि मलाही ठाऊक होतं... पण ठाऊक असलं म्हणून काय झालं. नेमगोंडाचं घर आमच्यापासनं हाकेच्या अंतरावर. जन्मभर त्या वाटेनं गेलो, आणि त्या सकाळी अंगणात उभा राहून कुठनं जायचं तेच सुचेना.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, तेही शाळेत कमी आणि नदीवर जास्त. लिहायची सवय नाही. पण स्मशानातनं परत येताना माझ्या मागं चार माणसं बोलत होती ते कानावर पडलं. या वयात गाडी हाकायची काय गरज होती, गाडीनंच म्हाताऱ्याला खाल्लं, आणि येसबानं तरी अडवायचं होतं की नाही. येसबा म्हणजे मी. मी वळून बघितलं नाही. तोंडानं उत्तर दिलं असतं तर त्या दिवशीच भांडण झालं असतं, म्हणून आता महिन्यानं हे लिहायला बसलोय. आमच्या गावच्या एका म्हाताऱ्याशी पेपरची पुरवणी वाचणाऱ्यांना काय करायचंय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

आमचं गाव कृष्णाकाठचं, सांगलीच्या वरच्या अंगाला. नेमगोंडाचा ऊस, थोडी हळद, आणि एक पिकअप. गुऱ्हाळावरचा गूळ भरायचा आणि सांगलीच्या बाजारात न्यायचा, हे त्याचं काम. मी त्याच्या डाव्या बाजूला बसायचो. मजूर नव्हे, भागीदारही नव्हे, नुसता बसायचो. वाटेत मी मिसळ मागवली की हा जैन माणूस फक्त चहा घ्यायचा आणि माझ्या ताटलीतल्या कांद्याकडं असा बघायचा की जणू मी त्याच्या शेतातनं चोरून आणलाय. "सरक तिकडं, वास मारतोय," म्हणायचा. आणि मी मुद्दाम सावकाश खायचो. असं आमचं चाललेलं.

पिकअप त्यानं शिरवळच्या एका ठेकेदाराकडनं जुनी घेतली होती. ठेकेदार हौशी असावा, त्यानं गाडीला रुंद टायर घातलेले. हमरस्त्यावर गाडी लय डौलात जायची, पण गुऱ्हाळाची वाट म्हणजे बैलगाडीच्या जमान्यातली. काळ्या रानात दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या, त्यात ते रुंद टायर मावायचे नाहीत, काठावर चढायचे. पावसाळ्यात चिखल त्यांना असा थापला जायचा की चाक फिरतंय का नुसतं लोळतंय ते कळू नये. शिवाय जुनी गाडी, स्टेअरिंग वळवायचं ते दंडाच्या जोरावर. नेमगोंडानं बरीच वर्षं ते वळवलं, कुरकूर न करता. मनगटं होतीच तशी.

मग कधीतरी टायर गुळगुळीत झाले आणि बदलायची वेळ आली. मी म्हटलं, आहेत तसलेच घाल. तो म्हणाला, अरुंद घालायचे. एवढ्यावरनं आम्ही कैक दिवस भांडलो. गुऱ्हाळावर येणारा-जाणारा थांबून ऐकायचा.

"आरं, बैलाचं खूर काढून शेळीचं बशिवतोस व्हय?" मी म्हणायचो.

"तुला टायरातलं काय कळतंय रं? तुझी सायकल तरी सरळ जाती का?"

मी माझं म्हणणं सोडलं नाही आणि आजही सोडलेलं नाही. भरलेली गाडी हमरस्त्यावर वळणावर घेताना रुंद टायर जमिनीला धरून राहतात, अरुंद असले की गाडी डुलते. तो म्हणायचा, अरुंद टायर चाकोरीत बसतो, चिखल कापून खालच्या टणक जमिनीला जाऊन टेकतो. दोन्ही खरं होतं. पण खरं असलं म्हणून दोघांतला कुणी माघार घेणार नव्हता.

सांगलीत टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, एवढ्या वजनाला हा टायर पुरायचा नाही. नेमगोंडानं त्याला रुंदी कमी पण जादा प्लायचा, म्हणजे आतनं जास्त थर असलेला, आणि उंचीनं आधीच्याएवढाच टायर काढायला लावला. बाजूवरचा वजनाचा आकडा दुकानदाराकडनं दोनदा वाचून घेतला. मग म्हणाला, पुढचे दोनच आधी बसव. ते बसवले, गाडी जॅकवरनं खाली उतरवली, आणि हा आत जाऊन बसला. गाडी बंद, जाग्यावर उभी. त्यानं स्टेअरिंग वळवायला घेतलं.

मी डाव्या खिडकीशी उभा होतो. वळवत होता तो एकट्या डाव्या हातानं. उजवा हात मांडीवर पडलेला... कुणीतरी वस्तू ठेवून विसरून गेल्यासारखा. स्टेअरिंग अडखळत अडखळत का होईना, शेवटपर्यंत फिरलं; रुंद टायरावर एका हातानं ते हललंही नसतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी चाकाकडं बघितलं. मग त्यानं दुकानदाराला सांगितलं, "मागचं बी बशीव."

परतीच्या वाटेवर गावाचा फाटा आला तेव्हा तोच बोलला. खांद्यापासनं हात वाळत चालला होता. सांगलीच्या डॉक्टरला दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाला होता, हे थांबणार नाही, हळूहळू दुसऱ्या हातातही उतरेल.

"महावीरला म्हाईत न्हाई. तू बी तोंड बंद ठेव."

"आन् गाडी?"

"गाडी सोडली की घरात बसायचं आन् दुसऱ्याच्या हातनं जेवायचं. ते यायचं तवा यील, येसबा. मी हून त्येला बोलवायला जानार न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यानं हॉर्न वाजवला आणि मी जाऊन बसलो.

महावीर त्याचा एकुलता एक, फलटणच्या बाजूला साखर कारखान्यात नोकरीला. त्या हंगामात सुट्टीवर आला आणि बापाचा सदरा उजव्या खांद्यावर लोंबतोय हे त्याच्या नजरेत आलं. मला गोठ्यामागं घेऊन गेला. म्हणाला, "काका, खरं सांगा. अण्णांना गाडी जमतीया का? तुमी न्हाई म्हटलं तर आत्ताच किल्ली काढून घेतो."

"जमतीया," मी म्हटलं.

गावात माझ्या हेकटपणाला सगळे नावं ठेवतात, पण मी खोटं बोलतो असं कुणी म्हणत नाही. महावीर त्या शब्दावर फलटणला निघून गेला. आणि नेमगोंडानं तो हंगाम पुरा केला. अरुंद टायर चाकोरीत बरोबर बसायचे, चिखलातनं गाडी सुरीसारखी निघायची. हमरस्त्यावर डुलायची. मी ते दर वळणाला त्याला सांगायचो, आणि तो दर वळणाला मला उतरून चालत जायला सांगायचा.

पुढं डावा हातही गेला. एके दिवशी गुऱ्हाळावर त्यानं गाडी बंद केली आणि उतरलाच नाही. मी दार उघडून त्याला कवेत धरून खाली घेतलं. हलका लागला... एवढा हलका की मला राग आला. त्यानंतर खाट. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, भरवायच्या आणि तो भिंतीकडं बघत खायचा. मी जाऊन बसायचो. शेवटी शेवटी आमच्यात भांडणसुद्धा होईना. तो नुसता डोळे मिटून घ्यायचा. त्याला ज्याची धास्ती होती ते आलं आणि लय दिवस मुक्कामाला राहिलं. ज्यांना वाटतं की गाडीनं त्याला खाल्लं, त्यांनी ती खाट बघायला हवी होती.

गेल्या आठवड्यात महावीरनं पिकअप धुतली. पुढचे टायर झिजलेत म्हणाला, आणि आता गाडी फलटणला नेणार, तिथं चिखल नाही, तेव्हा रुंदच घालतो. म्हणजे माझंच जुनं म्हणणं. मी नको म्हटलं. त्यानं कारण विचारलं, मी ते सांगेना. शेवटी तो आवाज चढवून म्हणाला, "आवं काका, टायर हायत ती. त्येला एवढं काय धरून बसलाय?"

मग मी त्याला हाताचं सांगितलं. दुकानातलं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, हातातला फडका तसाच धरून. मग गाडीत चढला, उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं स्टेअरिंग ओढायला लागला. तरणा गडी, तरी त्याला दम लागला. स्टेअरिंग फिरलं. तो थांबला. त्याची नजर गिअरवर गेली, मग स्वतःच्या डाव्या हाताकडं, तो तर स्टेअरिंगवर गुंतलेला.

"आन् गिअर कोन टाकत हुतं?"

मी डाव्या दाराकडं बघितलं.

"काका, तुमी मला जमतीया म्हनला हुता."

"जमतीया म्हटलं हुतं. एकट्याला जमतीया असं न्हवतं म्हटलं."

मी वळसा घालून गेलो, डावं दार उघडलं, बसलो आणि गिअरच्या मुठीवर हात ठेवला. "दाब क्लच," म्हटलं. त्यानं दाबला. मी पहिला टाकला. त्यानं सोडला, परत दाबला. मी दुसरा टाकला. गाडी बंद, जाग्यावर उभी. त्यांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवून घेतात. आतनं वहिनींनी हाक मारली, थोड्या वेळानं परत मारली. महावीरनं क्लच दाबून धरला होता... मी तिसरा टाकला.