कांदेवालीचं जर्मन

चौलच्या थांब्यावर एसटीची वाट बघताना ती मला रोज दिसायची. पुढ्यात पांढऱ्या कांद्याच्या माळा आणि पदराखाली एका कानात इयरफोन. हात कांद्याच्या पाती विणत असायचे आणि तोंडाने ती फोनमधल्या बाईच्या मागून जर्मन वाक्यं घोकत असायची. गिऱ्हाईक आलं की "घ्या ना, गोड हाय", आणि गिऱ्हाईक गेलं की पुन्हा जर्मन.

मी एकदा विचारलं, "मावशी, क्लास का लावत नाही?"

"अलिबागला क्लास न्हाय. मुंबईला शिकवतात म्हनं. मांडव्याची बोट धरून मी तिकडं गेले, तर हितं कोन बसंल?"

मुलगा जर्मनीत नोकरीला, सूनही तिकडचीच. नातवाला जर्मनशिवाय काही येत नव्हतं. रविवारी तो फोनमध्ये यायचा, आजीला हात हलवून दाखवायचा आणि पळून जायचा.

"मग आता काय काय बोलता येतं?"

"स्टेशन कुठं हाय. एक कॉफी द्या. बिल आना," ती म्हणाली. "जेवलास का रं बाला, ते काय ही बाई अजून शिकवत न्हाय."

मी चिडलोच. "अहो, मुलानंच त्याला मराठी शिकवावं की!"

तिने पात करकचून आवळली.

"त्याला येळ न्हाय म्हनतो. मला हाय ना."

एसटी आली. मी खिडकीशी बसलो. तिचं एक वाक्य आता मलाही ओळखू येत होतं. ज्या गावात कधी रेल्वे आली नाही, तिथे बसून ती पुन्हा स्टेशन कुठे आहे ते विचारत होती.